धाकट्याचा खर्रा सुटला, माझा का सुटत नाही?

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. वय ३८. साडेसहा एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर घेतो. सतराव्या वर्षी खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण) लागला, आज दिवसाला आठ-दहा होतात. सकाळी उठल्यावर तोंड धुण्याआधी मला खर्रा लागतो. आजोबा शेवटपर्यंत बिडी ओढत होते. बाबांनी चाळीस वर्षे तंबाखू-चुना खाल्ला आणि गालाचे ऑपरेशन झाल्यावर सोडला. चार वर्षांपूर्वी मी आणि धाकट्या भावाने एकाच दिवशी माळ घातली. त्याचा खर्रा त्या दिवशी सुटला तो सुटलाच. माझा अकराव्या रात्री जागलीवर पुन्हा सुरू झाला. मी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, ती अजून तिथेच आहे. बाबा चारचौघांत म्हणतात, हा मनाचा कच्चा आहे. मोबाईलवर वाचले की व्यसन रक्तात असते आणि जीनची तपासणी घरबसल्या करून मिळते. हे खरे आहे का? तलफ अडवणारी गोळी निघाली आहे म्हणतात. ती डोक्यावर परिणाम करते का? तोपर्यंत नुसती सुपारी खाल्ली तर चालेल का? मुलगा आठवीत आहे, त्याच्यातही हे आले असेल का? अलीकडे तिखट लागले की तोंडाची आग होते आणि तोंडात दोनच बोटे मावतात.

उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मी सर्वात आधी थांबले. त्याकडे मी शेवटी सविस्तर येणार आहे, पण पत्र वाचता वाचता मध्येच खाली ठेवावे लागले, तर आधी तो शेवटचा परिच्छेद वाचून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. एकाच घरात वाढलेल्या, एकाच ताटात जेवलेल्या, एकाच दिवशी माळ घातलेल्या दोन भावांपैकी एकाचा खर्रा सुटतो आणि दुसऱ्याचा सुटत नाही, याचा अर्थ दुसऱ्याचे मन कच्चे असा होत नाही. जुळ्या भावंडांची पाहणी करून जे अभ्यास झाले, त्यांतून असे दिसले की निकोटिनचे व्यसन एखाद्याला किती घट्ट धरते, यातील माणसामाणसांतला सुमारे निम्मा फरक आनुवंशिक असतो. उरलेला निम्मा फरक वय, सोबत, कामाचे स्वरूप, मनावरचा ताण आणि खर्रा किती सहज हाताशी येतो, यांमुळे पडतो. सख्ख्या भावांमध्ये आनुवंशिक वारसा सारखा नसतो, सरासरीने निम्माच सामाईक असतो. संकरित कापसाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर काय होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे: सरकी एकाच बोंडातली, वावर एकच, पाऊसही एकच, तरी एक झाड कमरेला लागते आणि शेजारचे गुडघ्यावरच थांबते. त्या बुटक्या झाडाला कोणी मनाचे कच्चे म्हणत नाही.

हा वारसा शरीरात नेमका कुठे काम करतो, ते समजून घेतले तर गोळीचे कामही आपोआप समजेल. पन्नीत सुपारीचे काप, तंबाखू आणि चुना घेऊन, वर पाण्याचे दोन थेंब टाकून खर्रा घोटला की थोड्याच वेळात पन्नी हाताला गरम लागते आणि नाकात झणझणीत वास चढतो. चुन्यामुळे मिश्रण क्षारधर्मी होते, तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि ओठाच्या आतल्या नाजूक कातडीतून ते भराभर रक्तात उतरते. चुना नसता तर त्यातले फारच थोडे निकोटिन तोंडातून शोषले गेले असते. रक्तातून ते मेंदूत पोचते आणि तिथल्या पेशींवरच्या रिसेप्टरना जाऊन चिकटते.

रिसेप्टर म्हणजे कालव्यावरचे दार समजा. पाच तुकडे गोलाकार जुळून ते बनलेले असते आणि मधोमध एक बारीक वाट असते. आपल्या शरीरात तयार होणारे असिटिलकोलीन हे द्रव्य येऊन लागले की दार क्षणभर उघडते, क्षारांचे कण आत जातात, पेशी पुढे निरोप देते आणि दार मिटते. निकोटिनची घडण असिटिलकोलीनशी इतकी जुळते की तेही हे दार उघडू शकते, आणि मेंदूतली काही विशिष्ट दारे, ज्यांना अल्फा-४ बीटा-२ प्रकारचे रिसेप्टर म्हणतात, त्याने उघडली की डोपामीन सुटते. खर्रा तोंडात ठेवल्यावर जे बरे वाटते, ते हेच. रोज दहा वेळा हे घडत गेले की मेंदू अशा दारांची संख्या वाढवून ठेवतो, आणि मग सकाळी रात्रभराच्या खंडानंतर ती सगळी दारे रिकामी असतात, तेव्हा जीव कासावीस होतो. तोंड धुण्याआधी खर्रा लागणे हे व्यसन घट्ट असल्याचे जगभर मान्य असलेले लक्षण आहे. कार्ल फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली प्रथम मांडलेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या प्रश्नावलीत उठल्यानंतर किती मिनिटांत पहिला तंबाखू लागतो, या प्रश्नाला मोठे वजन दिले जाते. तुम्हाला तुमच्या व्यसनाची ताकद मोजायची असेल तर या एका प्रश्नाने ती मोजली गेली आहे.

याच दारांशी तुमची आणखी एका वाटेने ओळख आहे. तुडतुडे आणि मावा यांच्यासाठी पऱ्हाटीवर फवारले जाणारे इमिडाक्लोप्रिड निकोटिनच्या धर्तीवर बनवलेल्या कीटकनाशकांच्या कुळातले आहे. ते किडीच्या मज्जासंस्थेतील याच जातीच्या रिसेप्टरना चिकटून दार उघडेच ठेवते, म्हणून कीड आधी थरथरते आणि मग लुळी पडते. (फवारणी करताना किंवा केल्यावर हात साबणाने स्वच्छ न धुता खर्रा घोटणारे लोक मी पाहिले आहेत. खर्रा सुटेपर्यंत निदान एवढे तरी टाळा.)

आनुवंशिक फरकाचा एक भाग या दारातच आहे. पंधराव्या गुणसूत्रावर अल्फा-५ नावाच्या तुकड्याचा जीन आहे, आणि काही लोकांत त्यात एका अक्षराचा बदल असतो, ज्यामुळे त्या तुकड्यातील ३९८व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे बसते. २००८ साली एकाच सुमारास तीन स्वतंत्र संशोधक गटांनी या जागेचा संबंध फुप्फुसाच्या कर्करोगाशी दाखवला, आणि त्यांपैकी एका गटाला तोच संबंध निकोटिनच्या व्यसनाशीही दिसला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून जे दिसले ते मला फार बोलके वाटते: हा तुकडा नसलेल्या उंदरांना निकोटिन अधिक गोड लागत नव्हते, तर जास्त निकोटिन घेतल्यावर मेंदूतून जो ‘आता पुरे’ असा निरोप यायला हवा, तो येत नव्हता. पहिल्यांदा खर्रा खाल्ला तेव्हा घेरी आली होती का, मळमळले होते का, हे आठवून पाहा आणि धाकट्यालाही विचारा. खर्रा ‘लागला’ म्हणून कोणी बांधावर तासभर डोके धरून बसतो आणि पुन्हा वाटेला जात नाही, तर कोणाला पहिल्याच दिवशी काही होत नाही, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला लोक कौतुकाने पचवणारा म्हणतात. खरे तर त्याला रोखणारा निरोप दुबळा असू शकतो.

दुसरा भाग यकृतात आहे. रक्तातले सत्तर ते ऐंशी टक्के निकोटिन कोटिनीन नावाच्या द्रव्यात बदलले जाते, आणि ते काम मुख्यतः सीवायपी-२ए-६ नावाचे विकर करते. हे विकर कोणाचे झपाट्याने चालते, कोणाचे संथ चालते, आणि तेही बऱ्याच अंशी जन्मजात ठरते. ज्याचे विकर जलद, त्याच्या रक्तातले निकोटिन लवकर ओसरते, त्याला तलफ लवकर येते, त्यामुळे त्याचे दिवसाचे प्रमाण वाढत जाते. ज्याचे संथ, त्याला थोडक्यात भागते आणि सोडणेही तुलनेने सोपे जाते. तुमच्या धाकट्या भावाने सोडताना मेहनत घेतली नाही असे मी म्हणत नाही. त्याची वाट कदाचित सपाट होती आणि तुमची चढाची, इतकेच मी म्हणते आहे.

एवढे सांगितल्यावर तपासणीचे उत्तर तुम्हाला वेगळे अपेक्षित असेल, पण माझा सल्ला आहे की ती करू नका. अल्फा-५ मधला हा बदल आजवर सापडलेल्या सगळ्या बदलांत ठळक मानला जातो, तरीही त्याची एक प्रत वारशात आली तर दिवसाला सरासरी एखादी सिगारेट वाढते, इतकाच त्याचा परिणाम आहे. २०१९ मध्ये सुमारे बारा लाख लोकांच्या माहितीवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तंबाखू आणि दारूच्या सवयींशी निगडित अशा चारशेहून अधिक जागा आढळल्या, म्हणजे हा वारसा एका जीनचा नसून अनेकांनी मिळून थोडाथोडा उचललेला भार आहे. शिवाय हे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या आणि सिगारेट ओढणाऱ्या लोकांवर झालेले आहेत. खर्रा खाणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या अहवालावर त्यांचे आकडे जसेच्या तसे छापून देणारी कंपनी तुम्हाला खात्रीचे काही सांगत नसते. आणि अहवाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार आहे. तुमच्या घरातील तीन पिढ्या आणि सकाळचा तो पहिला खर्रा यांतून मला जे कळले, त्याहून जास्त त्या तपासणीतून कळणार नाही. ते पैसे उपचाराला ठेवा.

आता गोळी. तलफ अडवायची तर ही दारे सरळ बंदच का करू नयेत, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी की याच जातीची दारे शरीरात सर्वत्र आहेत. स्नायूंवर आहेत, आतड्याकडे, मूत्राशयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठींतही आहेत. नाग चावल्यावर माणसाच्या पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो, त्याचे कारण त्या विषातील काही घटक स्नायूंवरची हीच दारे अडवून बसतात. मेकॅमिलामिन नावाचे एक औषध १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी आले आणि ते निकोटिनचे रिसेप्टर खरोखरच अडवते. व्यसनमुक्तीसाठीही ते वापरून पाहिले गेले, पण त्याने उभे राहताना रक्तदाब घसरतो, बद्धकोष्ठ होते, लघवी अडते, आणि आज तंबाखू सोडण्यासाठी ते दिले जात नाही. शिवाय दार पूर्ण बंद केले तर निकोटिनचा फायदा मिळत नाही हे खरे, पण रिकाम्या दारांची तगमग तशीच राहते.

म्हणून जी गोळी चालली ती अर्धे दार उघडणारी आहे. तिचे नाव व्हॅरेनिक्लिन. ती अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरना निकोटिनपेक्षाही घट्ट चिकटते, पण दार निकोटिनइतके उघडत नाही. डोपामीन थोडेसे सुटत राहते, त्यामुळे तगमग सोसण्याइतकी कमी होते, आणि तेवढ्यात कोणी खर्रा तोंडात टाकलाच तर निकोटिनला जागा मोकळी मिळत नाही, खर्रा मातीसारखा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाने हे मला जसे सांगितले तसेच लिहिते: ‘मॅडम, ठेल्यावरून घोटून आणला, तोंडात ठेवला, आणि घेऊन बसलो की आता काही होईल. काहीच झालं नाही.’ त्याने तो खर्रा थुंकला, आणि त्या दिवसापासून त्याला स्वतःवर भरवसा वाटू लागला.

या औषधाला एक पूर्वज आहे. युरोपात लॅबर्नम नावाचे पिवळ्या घोसांचे एक झाड असते. त्यातील सायटिसीन या द्रव्याची गोळी बल्गेरियात १९६४ पासून तंबाखू सोडण्यासाठी विकली जाते, आणि व्हॅरेनिक्लिन सायटिसीनच्याच रचनेवरून बेतले गेले. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण आपल्या जंगलात उन्हाळ्यात पिवळा धमक फुलणाऱ्या बहाव्याला इंग्रजीत ‘भारतीय लॅबर्नम’ म्हणतात, आणि मोबाईलवर अशा नावांवरून घरगुती उपाय पसरायला वेळ लागत नाही. बहावा हे वेगळे झाड आहे, त्यात सायटिसीन नसते, आणि त्याच्या शेंगेच्या गराने फक्त जुलाब होतात.

गोळी घेण्याची पद्धत डॉक्टर ठरवतील, ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. साधारणपणे पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मिलिग्रॅम दोन वेळा, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोन वेळा, असे बारा आठवडे ती चालते. पहिल्या आठवड्यात खर्रा सुरू असला तरी चालतो, आठव्या दिवशी तो बंद करायचा. बारा आठवडे एवढ्यासाठी की वाढून बसलेल्या दारांची संख्या मूळ पदावर यायला काही आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटले म्हणून गोळी सोडणारे लोक पुन्हा ठेल्यावर दिसतात. पोटात ढवळणे हा तिचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे, आणि तो टाळण्याचा उपाय साधा आहे: गोळी कधीही उपाशीपोटी घ्यायची नाही, भाकर-भाजी पोटभर खाऊन, वर पेलाभर पाणी पिऊन घ्यायची. पहाटे चहावर गोळी घेऊन वावरात गेलेला, धुऱ्यावर उलटी झालेला आणि ‘हे आपल्याला मानवत नाही’ म्हणून पाकीट फेकून दिलेला माणूस मला दोन महिन्यांनी भेटला, आणि पुढच्या वेळी जेवणानंतर घेतल्यावर त्याला काहीही झाले नाही. स्वप्ने फार स्पष्ट पडतात, झोप मोडते. तेव्हा संध्याकाळची गोळी थोडी लवकर जेवून घ्या. पहिले काही दिवस गरगरते का, हे पाहिल्याशिवाय ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते. आणि या गोळीवर असताना दारू अधिक चढू शकते, हे पत्रात तुम्ही विचारले नसले तरी सांगून ठेवते.

डोक्यावर परिणाम होतो का, ही भीती निराधार नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत उदासी आणि आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारी आल्या होत्या आणि औषधाच्या पाकिटावर ठळक इशारा छापला जात होता. त्याची शहानिशा करण्यासाठी आठ हजारांहून अधिक लोकांवर, त्यांत निम्मे मानसिक आजाराचा इतिहास असलेले, चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि व्हॅरेनिक्लिनमुळे अशा तक्रारी लक्षणीयरीत्या वाढत नाहीत असे दिसल्यावर तो ठळक इशारा अमेरिकेत काढून टाकण्यात आला. तरीही तुम्हाला पूर्वी कधी उदासीचा आजार झाला असेल, किंवा गोळी सुरू असताना मन अचानक खचले, विचित्र विचार येऊ लागले, तर घरच्यांना सांगून गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. कर्जाच्या आणि नापिकीच्या काळात आपल्या भागात ही सूचना मी कोणालाही देताना घाईने उरकत नाही.

त्याच चाचणीचे आकडे तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. सिगारेट ओढणाऱ्या शंभरांपैकी नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण दूर राहिलेले लोक व्हॅरेनिक्लिनच्या गटात सुमारे बावीस होते, निकोटिनच्या कातडीवर लावायच्या पट्टीच्या गटात सोळा, आणि खोटी गोळी (तशीच दिसणारी, पण औषध नसलेली) घेणाऱ्यांत नऊ. म्हणजे गोळीने शक्यता दुपटीहून वाढते, पण हमी मिळत नाही. चघळायच्या तंबाखूबद्दल पुरावा कमी आहे. स्वीडन आणि नॉर्वेत ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्या ४३१ लोकांवरच्या अभ्यासात उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत ५९ टक्के दूर राहिले, खोट्या गोळीच्या गटात ३९ टक्के. दिल्लीत २३७ लोकांवर झालेल्या अभ्यासात मात्र शारीरिक तपासणीने खात्री केल्यावर दोन गटांतला फरक लहान राहिला, पण ज्यांनी गोळी नेमाने घेतली त्यांच्यात सुटण्याचे प्रमाण अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत चघळायच्या तंबाखूसाठीही व्हॅरेनिक्लिन किंवा निकोटिनचे पर्यायी औषध सुचवलेले आहे, आणि तुमच्यासारख्या घट्ट व्यसनात मी गोळीच्या बाजूने आहे.

गोळी मिळाली नाही किंवा मानवली नाही, तर बुप्रोपियॉन आहे, जे मुळात उदासीचे औषध असून निकोटिनचे रिसेप्टरही थोडेफार अडवते. फिट येणाऱ्याने ते घेऊ नये. निकोटिनचे च्युइंगगम दुकानात सहज मिळते, पण ते खर्ऱ्यासारखे सतत चघळायचे नसते: चार-सहा वेळा चावून गालात दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही, कारण चहाच्या आंबटपणाने तोंडातून निकोटिन शोषले जात नाही. खर्ऱ्यात चुना जे करतो, त्याच्या नेमके उलट. तुमच्या तोंडाची आग पाहता गमपेक्षा कातडीवर लावायची पट्टी बरी पडेल.

सोडण्याचा दिवस ठरवताना मागच्या वेळचा अनुभव कामी आणा. तुम्ही अकरा दिवस काढलेत, आणि ते गोळीशिवाय काढलेत. घसरलात ते घरात नाही, दिवसा वावरात काम करतानाही नाही, तर रानडुकरांसाठी रात्री जागलीवर एकटे बसले असताना. तेव्हा यंदा पहिले तीन आठवडे जागल धाकट्याकडे द्या किंवा दोघे मिळून बसा. पोळ्याचा किंवा बाजाराचा दिवस निवडू नका, त्या दिवशी गावभर खर्रा हातोहात फिरतो. माळ पुन्हा केव्हा घालायची हे तुमचे तुम्ही ठरवा, पण मला वाटते की ती आधी घालून औषधाची परीक्षा तिच्यावर टाकण्यापेक्षा, बारा आठवडे झाल्यावर देव्हाऱ्यातून उचलावी. गावाची साथ मिळाली तर फार फरक पडतो. गडचिरोली जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ अभियानातून अनेक गावांनी ठराव करून गावातली खर्ऱ्याची विक्री थांबवली आहे, तेव्हा ग्रामसभेत हा विषय मांडणे अशक्य नाही.

नुसत्या सुपारीचे उत्तर ठाम नाही असे आहे. सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य स्वतःही मेंदूतील याच अल्फा-४ बीटा-२ दारांना थोडे उघडते, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले आहे, म्हणजे सुपारी चालू ठेवणे हे तलफ जिवंत ठेवणेच होय. आणि तोंड आखडण्याचे मुख्य कारण तंबाखू नसून सुपारीच आहे. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेली जवस, काहीही घ्या.

मुलाबद्दल. तुमच्यातला काही वारसा त्याच्यात आला असेल, काही आला नसेल, आणि आला असला तरी तंबाखूची गाठ पडल्याशिवाय त्यातून व्यसन निर्माण होत नाही. उमलत्या वयात मेंदूवर निकोटिनची पकड लवकर बसते, तुम्हाला सतराव्या वर्षी लागला हेच पाहा. घरचा खर्रा आणायला त्याला पानठेल्यावर पाठवत असाल तर आजपासून पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे कायद्यानेही गुन्हा आहे. आणि आपल्या घरात ही ओढ जास्त आहे, पणजोबांपासून चालत आली आहे, हे त्याला मोकळेपणाने सांगा. घरात कोणाला मधुमेह असला की आपण मुलांना साखरेबद्दल सांगतो, तसेच.

आणि आता तुमचे शेवटचे वाक्य. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दोनच मावणे आणि तिखटाने आग होणे ही गालाची आतली त्वचा आखडत चालल्याची लक्षणे आहेत, आणि ही अवस्था कर्करोगाच्या आधीची मानली जाते. सगळ्यांना पुढे कर्करोग होतो असे नाही, पण तुमच्या बाबांच्या गालाचे ऑपरेशन झालेले आहे, तेव्हा इथे मी एक आठवडाही जाऊ देणार नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, आधी दंतविभागात तोंड दाखवा, पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर आवर्जून बोट ठेवून दाखवा, आणि त्याच दिवशी मानसोपचार विभागात गोळीबद्दल विचारा. सोबत बाबांच्या ऑपरेशनचे कागद न्या. घरून निघण्याआधी बोलावेसे वाटले तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी निःशुल्क आहे. तोंडाच्या तपासणीसाठी मात्र गोळी सुरू होण्याची, कापसाची वेचणी आटोपण्याची किंवा खर्रा सुटण्याची वाट पाहू नका.